लँगम्युअर प्रोब दर वेळी वेगळे तापमान का दाखवतो?

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या अंतिम वर्षाच्या गटाने २० लिटरचा स्टेनलेस स्टीलचा चेंबर, रोटरी पंप आणि डीसी पुरवठा जोडून आर्गॉनचा ग्लो डिस्चार्ज उभा केला आहे. दाब ०.१ मिलिबार, व्होल्टेज ४५०, प्रवाह २० मिलिअँपिअर. प्रोब म्हणून टिग वेल्डिंगची लाल टोकाची १ मिमी जाड काडी, तिचे १० मिमी उघडे. प्रवाह मोजायला १ किलोओहमचा रेझिस्टर. (लँगम्युअर प्रोब म्हणजे प्लाझ्मात, म्हणजे आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूत, खुपसलेला धातूचा तुकडा: त्याचे व्होल्टेज बदलत प्रवाह मोजायचा आणि प्रवाहाच्या लॉगच्या आलेखाच्या उतारावरून इलेक्ट्रॉनांचे तापमान काढायचे.) काहीही न बदलता इलेक्ट्रॉनांचे तापमान कधी २ ईव्ही (इलेक्ट्रॉनव्होल्ट) येते, कधी ९. चूक कुठे आहे? आणि टोकामाकमध्येही, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात प्लाझ्मा कोंडणाऱ्या फ्यूजनच्या यंत्रातही, असाच प्रोब चालतो का? गटातल्या दोघांना पुढे फ्यूजनमधल्या ‘प्लाझ्मा आणि भिंत’ या विषयात जायचे आहे.

दोन्ही प्रश्नांची नाळ एकच आहे. प्रोब म्हणजे प्लाझ्मात खुपसलेली छोटीशी भिंत. भिंतीचे जे होते तेच तिचेही होते: ती तापते, झिजते, तिच्यावर थर बसतो, आणि आजूबाजूचा प्लाझ्मा ती बिघडवते. प्रोबकडे मल्टिमीटरची पिन म्हणून पाहिले की आकडे उड्या मारू लागतात.

आधी तुमच्या काडीचा हिशेब करू. घनता घनमीटरला १० चा १६वा घात आणि तापमान २ ईव्ही धरा. तुमच्या काडीचे उघडे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौ. मिमी. इलेक्ट्रॉनांचा संपृक्त प्रवाह म्हणजे घनता, इलेक्ट्रॉनचा भार, सरासरी वेग आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराचा चौथा हिस्सा. २ ईव्हीला सरासरी वेग सेकंदाला साडेनऊ लाख मीटरच्या आसपास येतो, म्हणजे प्रवाह झाला १२ मिलिअँपिअर. अख्ख्या डिस्चार्जमध्ये २० आहेत आणि त्यातले १२ तुमची काडी ओढू पाहते. हा प्रोब राहिला नाही, दुसरा ॲनोड झाला. व्होल्टेज वर नेताना तुम्ही ज्याचे तापमान मोजताय तो प्लाझ्माच सरकतो.

दुसरी चूक त्याहून साधी आहे, आणि ९ ईव्हीचे मूळ बहुतेक तिथेच आहे. तुम्ही आलेखाच्या आडव्या अक्षावर प्रोबला जोडलेल्या पुरवठ्याचे व्होल्टेज मांडताय, प्रोबच्या टोकाचे नव्हे. मधल्या १ किलोओहमवर प्रवाहागणिक व्होल्टेज पडते आणि ते वजा केलेले नाही. समीकरण सोडवले तर निष्कर्ष फार सुटसुटीत निघतो: दिसणारे तापमान म्हणजे खरे तापमान अधिक त्या ठिकाणचा प्रवाह गुणिले रेझिस्टन्स. प्रवाह ०.२ मिलिअँपिअर असलेल्या भागात रेघ बसवली तर २.२ ईव्ही, ७ मिलिअँपिअरच्या भागात बसवली तर ९. म्हणजे तुमचे दोन्ही आकडे एकाच आलेखातून निघू शकतात. रेघ कोणी कुठे ओढली एवढाच फरक. जुन्या नोंदी फेकू नका. प्रत्येक बिंदूतून प्रवाह गुणिले १ किलोओहम वजा करून लॉगचा आलेख पुन्हा काढा, बराचसा गोंधळ जागेवर निवळेल.

चेंबरमध्ये तार आत नेण्यासाठी मोटारसायकलचा स्पार्क प्लग वापरला असेल तर तोही तपासा. जुगाड चांगला आहे, पण हल्लीच्या बहुतेक प्लगमध्ये रेडिओचा खरखराट दाबायला आतच सुमारे ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो. वरचे समीकरण त्यालाही लागू आहे. मीटर लावून टोक ते टोक शून्याच्या जवळ येणारा, बिनरेझिस्टरचा प्लग घ्या.

आता प्रोब नव्याने बांधू. तार बारीक हवी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वायरकट मशीनवाले (तारेने धातू कापणारे) असतील. ज्या मशीनवर मोलिब्डेनमची तार चालते तिथे ०.१८ मिमीची तार मिळते. रिळाच्या ताज्या टोकाची हातभर घ्या, वापरलेली तेलकट आणि खाचखळग्यांची असते. पितळी तार मात्र अजिबात नको. व्हॅक्यूममध्ये तापली की तिच्यातले जस्त उडून सगळ्या काचेवर बसते. तार बारीक पॉलिश पेपरने पुसा, मग ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नका. ५ मिमी उघडी ठेवली तर क्षेत्रफळ २.८५ चौ. मिमी. वरच्याच घनतेला इलेक्ट्रॉन प्रवाह १.१ मिलिअँपिअर, आयन प्रवाह सुमारे ६ मायक्रोअँपिअर. १०० ओहमच्या रेझिस्टरवर जास्तीत जास्त चूक ०.१ व्होल्ट, ती चालेल. आयन प्रवाहाचे मात्र त्यावर जेमतेम ०.६ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणून पुढे १०० पटीचा इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर लागेल.

टिगची काडीच वापरायची हौस असेल तर निदान लाल टोकाची नको. लाल म्हणजे २ टक्के थोरियमवाली. थोरियममुळे टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन सोप्याने सुटतात, वेल्डिंगला तेच हवे असते. प्रोब तापला तर ते सुटलेले इलेक्ट्रॉन आयन प्रवाहात मिसळून घनता फुगवतात. तुमच्या प्रवाहात काडी एवढी तापणार नाही हे खरे, पण ग्राइंडरवर ती घासताना उडणारी धूळ किरणोत्सारी असते आणि थेट फुफ्फुसात जाते. हिरव्या टोकाची काडी शुद्ध टंगस्टनची असते.

तारेभोवतीचे आवरण ॲल्युमिनाचे घ्या. वेगळे मागवायची गरज नाही, फाउंड्री आणि हीट ट्रीटमेंटवाले भट्टीच्या थर्मोकपलसाठी ज्या सिरॅमिक नळ्या वापरतात त्या चालतात. (हिंडाल्कोच्या बेळगावच्या कारखान्यात बॉक्साइटपासून निघते ती हीच ॲल्युमिना, फक्त पावडरच्या रूपात.) इथे एक बारकावा आहे आणि तो चुकला की बाकीचे सगळे फुकट. कॅथोडवरून सतत धातूचे अणू उडत असतात आणि ते सिरॅमिकवर बसतात. तार नळीच्या तोंडाला चिकटून बाहेर येत असेल तर बसलेला धातूचा थर तारेला जाऊन टेकतो, आणि मग तुमचा प्रोब ५ मिमीचा न राहता १५ मिमीचा होतो. घनता रोज थोडी थोडी वाढताना दिसते आणि पोरे खूश होतात. उपाय: दोन नळ्या, एकात एक. तार धरणारी आतली नळी बाहेरच्या नळीच्या तोंडापासून २-३ मिमी आत थांबवायची. बाहेरच्या नळीच्या तोंडाशी तारेभोवती सगळीकडून पाव-अर्धा मिमी मोकळी फट हवी. त्या फटीच्या आतल्या सावलीत धातू पोचत नाही आणि जोड तुटलेला राहतो. नळीचे तोंड भिंगाखाली पाहा; करडी चमक आली असेल तर नळी बदला.

ॲनोड आणि चेंबर अर्थला, कॅथोड उणे ४५० व्होल्टवर, अशी जोडणी करा. उलट केले तर प्लाझ्मा स्वतः ४०० च्या वर जाऊन बसतो आणि प्रोबचे सगळे सर्किट त्या व्होल्टेजवर तरंगते. मग कुणीतरी ऑसिलोस्कोपच्या प्लगची अर्थची पिन काढतो. ते करू नका. स्कोपचे धातूचे अंग ४०० व्होल्टवर येते आणि ओल्या पावसाळ्यातल्या फरशीवर उभ्या माणसाला दुसरी संधी मिळत नाही. पुरवठ्याच्या कपॅसिटरला समांतर डिस्चार्ज रेझिस्टरही कायमचा हवा.

स्वीप, म्हणजे प्रोबचे व्होल्टेज खालून वर आणि परत नेणे, उणे ६० ते अधिक ४० व्होल्ट, ५० हर्ट्झची त्रिकोणी लाट पुरते. पण आधी गॅस बंद, प्लाझ्मा बंद ठेवून एक कोरी स्वीप नोंदवा. २ मीटर कोॲक्सिअल केबलची धारकता २०० पिकोफॅरड धरली तर या वेगाला तिच्यातूनच २ मायक्रोअँपिअर वाहतात, चढताना एका दिशेने, उतरताना उलट. तुमचा आयन प्रवाह ६ आहे हे लक्षात घ्या. ही कोरी स्वीप वजा केल्याशिवाय आयन भागाकडे बघूसुद्धा नका.

वजा केल्यावरही चढती आणि उतरती रेघ एकमेकींवर बसत नसतील तर तार मळली आहे. रोटरी पंपाच्या तेलाची वाफ मागे चेंबरमध्ये येते आणि प्लाझ्मा तिला तारेवर तपकिरी, वीज अडवणाऱ्या पापुद्र्यासारखी भाजतो. तो पापुद्रा म्हणजे आणखी एक नकोसा रेझिस्टर, तोही व्होल्टेजप्रमाणे बदलणारा. आलेखाचा गुडघा, म्हणजे जिथे रेघ वळते ती जागा, गोल होतो आणि तापमान वर सरकते. उपाय म्हणून आर्गॉन चालू असतानाच प्रोब उणे १५० व्होल्टवर दोन-तीन मिनिटे ठेवा. चौ. मीटरला सेकंदाला साधारण १० चा १९वा घात इतके आयन आदळतात, म्हणजे पृष्ठभागावरच्या अणूंच्या एका थराइतके दर सेकंदाला, पापुद्रा निघतो. पाण्याचा अगदी शेवटचा रेणूथर रोटरीच्या व्हॅक्यूममध्ये काही मिलिसेकंदांत परत बसतो, त्याच्या मागे लागू नका. आणि हा उपाय तासभर चालवू नका, कारण तेच आयन तारही झिजवतात. पंपाच्या तोंडाशी तेलाची वाफ शोषणारा झिओलाइटचा ट्रॅप लावला की ही साफसफाई कमी लागते.

लॉगच्या आलेखावर एकच सरळ रेघ येईल असेही धरू नका. डीसी ग्लोमध्ये, विशेषतः कॅथोडजवळच्या झगमगत्या भागात, गार इलेक्ट्रॉनांची मोठी गर्दी आणि थोडे तापलेले असे दोन गट असतात. दोन उतार दिसले तर दोन तापमाने लिहा. मधून एक रेघ ओढून सरासरी काढणे म्हणजे कमी पावसाच्या निपाणीचे आणि धो-धो पावसाच्या खानापूरचे पाऊसमान मिसळून एक आकडा सांगणे. रेघ बसवण्याआधी आयन प्रवाह वजा करा. तुमच्या बारीक तारेवर तो सपाट राहणार नाही, उणे बाजूला वाढतच जाईल, कारण तारेची त्रिज्या आणि डिबाय लांबी (जेवढ्या अंतरात प्लाझ्मा बाहेरचा भार झाकून टाकतो ती) दोन्ही ०.१ मिमीच्या घरात आहेत आणि तारेभोवतीचा शीथ, म्हणजे प्लाझ्मातला इलेक्ट्रॉन कमी असलेला थर, व्होल्टेजबरोबर फुगतो. अशा वेळी प्रवाहाचा वर्ग व्होल्टेजसमोर मांडला तर बरीचशी सरळ रेघ मिळते, तीच पुढे वाढवून वजा करायची. पडताळा हवा तर फ्लोटिंग व्होल्टेज, म्हणजे ज्या व्होल्टेजला प्रोबचा एकूण प्रवाह शून्य होतो ते, पाहा: आर्गॉनमध्ये सपाट प्रोबसाठी ते प्लाझ्माच्या व्होल्टेजपेक्षा तापमानाच्या सुमारे ५.२ पट खाली असते. बारीक तारेला हा आकडा थोडा कमी येतो, पण दुप्पट-तिप्पट फरक आला तर कुठेतरी चूक आहे.

व्हॅक्यूमबद्दल दोन गोष्टी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. इथे हवेचा दाबच सुमारे ६९५ मिमी पारा, त्यामुळे काट्याचे व्हॅक्यूम गेज उणे ७६० ला कधीच जाणार नाही. “पंप दमलाय की ओ” म्हणत तेल बदलण्याआधी हे आठवा. पिरानी गेज (वायू किती उष्णता वाहून नेतो त्यावरून दाब सांगणारे) नायट्रोजनसाठी लावलेले असते. आर्गॉनमध्ये ते कमी दाखवते. काट्यावर ०.१ मिलिबार असेल तर खरा दाब ०.१६ च्या आसपास.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि इथून फ्यूजनची वाट सुरू होते. तुमच्या चेंबरची आतली बाजू साधारण ०.४ चौ. मीटर. तिच्यावर पाण्याचा फक्त एक रेणूथर असेल तर त्यात ४ गुणिले १० चा १८वा घात इतके रेणू. ते सगळे सुटले तर २० लिटरमध्ये ०.००८ मिलिबार दाब होतो, म्हणजे गेजवरच्या ०.१ च्या ८ टक्के. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूरच्या बाजूने पाऊस कोसळत असताना चेंबर दुपारभर उघडा ठेवला तर थर एकच राहत नाही. झडप बंद करून दाब कसा चढतो ते घड्याळ लावून लिहा: लीक असेल तर रेघ सरळ चढत राहते, भिंतीतले पाणी असेल तर हळूहळू आडवी होते. चेंबर उघडताना आत हवेऐवजी आर्गॉन सोडा, बंद केल्यावर हीटिंग टेपने १०० ते १२० अंशांवर दोन-तीन तास भाजा. पाणी उरले आहे का हे वर्णपटात दिसते: ६५६.३ नॅनोमीटरची हायड्रोजनची लाल रेषा आणि ३०९ जवळचा ओएचचा पट्टा. दुसऱ्यासाठी क्वार्ट्झची खिडकी हवी, साध्या काचेतून तो नीट येत नाही.

हाच हिशेब टोकामाकला लावा. गांधीनगरजवळ भाट इथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतल्या आदित्य या यंत्राची मोठी त्रिज्या ०.७५ मीटर, छोटी ०.२५. आकारमान साधारण ०.९ घनमीटर. घनमीटरला २ गुणिले १० चा १९वा घात अशी घनता धरली तर प्लाझ्मात कण जवळपास तेवढेच. प्लाझ्माच्या पृष्ठभागाएवढी, ७.४ चौ. मीटरची भिंत धरली तर तिच्यावरच्या एका थरात त्याच्या चौपट. म्हणजे प्लाझ्माची घनता कोण ठरवते, गॅसची झडप की भिंत? पहिले काही शॉट, म्हणजे प्लाझ्मा पेटवण्याच्या पहिल्या काही वेळा, भिंतच ठरवते. म्हणून तिथे आधी तासन् तास ग्लो डिस्चार्जने भिंती धुतात. तुमचा प्रयोग हा त्यांच्यासाठी रोजचा झाडूपोछा आहे.

डायव्हर्टरमध्ये, म्हणजे टोकामाकच्या तळाशी जिथे उष्णता आणि कण उतरवले जातात तिथे, लँगम्युअर प्रोब आजही सर्रास वापरतात. तत्त्व तेच, अडचणी मोठ्या. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या आयटर या आंतरराष्ट्रीय टोकामाकच्या डायव्हर्टरवर उष्णतेचा सततचा भार चौ. मीटरला १० मेगावॉटपर्यंत धरलेला आहे. असल्या जागी बाहेर डोकावणारी तार टिकत नाही, म्हणून प्रोब भिंतीच्या टाइलच्या पातळीत बसवतात. पण चुंबकीय रेषा टाइलला जेमतेम एक-तीन अंशांत घासून जातात, त्यामुळे ‘क्षेत्रफळ किती’ हा तुमचाच प्रश्न तिथे फार नाजूक होतो. टोक किंचित झिजले की हिशेब बदलतो. वर, प्लाझ्मा भिंतीपासून सुटून गार झाला की प्रोब तापमान खऱ्यापेक्षा जास्त सांगतात, हे अनेक यंत्रांवर दिसलेले आहे. तिथे १-२ ईव्ही आणि ५ ईव्ही यांतला फरक किरकोळ नसतो, भिंत वाचते की झिजते हे त्यावर ठरते.

का, ते पाहा. भिंतीवर आदळणाऱ्या आयनाची ऊर्जा ढोबळमानाने आयन तापमानाच्या दुप्पट अधिक इलेक्ट्रॉन तापमान गुणिले आयनाचा भार गुणिले ३. दोन्ही तापमाने ५ ईव्ही असतील तर ड्युटेरियमचा, म्हणजे फ्यूजनचे इंधन असलेल्या जड हायड्रोजनचा, आयन २५ ईव्हीने आदळतो. टंगस्टनचा अणू उडवायला ड्युटेरियमला २०० ईव्हीहून जास्त लागतात, कारण हलका कण जड अणूला एका टकरीत आपल्या ऊर्जेचा जास्तीत जास्त ४ टक्केच देऊ शकतो. गोटीने वरवंटा हलवण्यासारखे आहे ते. आर्गॉन मात्र ५९ टक्के देतो. चार भारांचा कार्बनचा आयन असेल तर त्याची ऊर्जाच ७० ईव्ही होते आणि तो टंगस्टन उडवतो. म्हणून टंगस्टनच्या भिंतीचा खरा शत्रू इंधन नव्हे, त्यातली भेसळ. आणि ऊर्जा प्रकाशाच्या रूपात बाहेर जाऊन भिंतीजवळचा प्लाझ्मा गार व्हावा म्हणून निऑन किंवा आर्गॉन मुद्दाम सोडताना हातचे राखून सोडावे लागते. कार्बनची भिंत बादच झाली, कारण तो हायड्रोजनशी रासायनिक संयोग करून झिजतो, दुसरीकडे जाऊन बसतो आणि त्या थरात ट्रिटियम, म्हणजे इंधनातला किरणोत्सारी हायड्रोजन, अडकवतो. इंग्लंडमधल्या जेट या टोकामाकने २०११ पासून बेरिलियम भिंत आणि टंगस्टन डायव्हर्टर वापरला. आयटरने २०२३ मध्ये पहिली भिंतही बेरिलियमऐवजी टंगस्टनची करायचे ठरवले.

एकाच उपकरणावर विसंबू नये याचा धडा १९६९ मध्ये मिळाला. मॉस्कोच्या टी-३ टोकामाकच्या तापमानाच्या दाव्यावर पश्चिमेकडे कुणाचा विश्वास नव्हता. इंग्लंडच्या कल्हम प्रयोगशाळेचा गट लेझर घेऊन तिकडे गेला, इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेला प्रकाश मोजला आणि १ किलोईव्हीच्या आसपासचे तापमान मान्य झाले. लेझरला प्लाझ्मात काही खुपसावे लागत नाही. पण भिंतीकडे बघणाऱ्या इन्फ्रारेड कॅमेऱ्याचेही रडगाणे प्रोबसारखेच आहे: टंगस्टन चकचकीत, दुसरीकडची उष्णता परावर्तित करते, वर पातळ थर बसला की तोच थर तापून कॅमेऱ्याला फसवतो.

तुमच्या चेंबरवर या विषयाची पहिली पायरी करून पाहता येईल. कॅथोड म्हणून तांब्याची स्वच्छ चकती लावा, मागची बाजू आणि कड सिरॅमिकने झाका. आधी वजन करा. १ मिलिग्रॅमचा काटा प्रयोगशाळेत नसेल तर सराफाकडे असतो. २० मिलिअँपिअरवर एक तास चालवा. सगळा प्रवाह आयनांचा धरला तर ७२ कूलॉम, म्हणजे साडेचार गुणिले १० चा २०वा घात इतके आयन. दोन आयनांमागे एक अणू उडाला असे धरले तर सुमारे २४ मिलिग्रॅम घट यायला हवी. येणार त्याहून बरीच कमी. ०.१ मिलिबारला उडालेला अणू मिलिमीटरभर जाण्याआधीच आर्गॉनवर आदळतो आणि त्यातले बरेच परत चकतीवरच येऊन बसतात. डायव्हर्टरमध्येही उडालेले बरेचसे टंगस्टन आयन बनून, चुंबकीय क्षेत्रात पहिल्याच गिरकीत भिंतीवर परतते, कारण वेगळे असले तरी. दाब निम्मा करून पुन्हा वजन करा, घट वाढेल. चकती बाहेर काढताना चेंबर पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर ती हवेत काळी पडते आणि ऑक्साइडचे वजन तुमच्या घटीतून वजा होते.